जोंधळ्याला चार तास

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. भोळा म्हणतोय ते आपलं चारचौघांत बोलायचं म्हणून. गावात त्याला दुसरंच काहीतरी म्हणत, पण इथं पोरंबाळं ऐकतायत. त्याचं नाव महिपती.

पिठाची गिरणी त्याच्या मामाची, निवृत्तीमामाची. महिपती आणि त्याची आई सोनाबाई मामाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचे. पोरगा अंगानं धडधाकट, दिसायला बरा, कामाला वाघ. दारू नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोष एकच. सांगितलेलं ऐकायचा. म्हणजे शब्दन् शब्द ऐकायचा. मामानं एकदा म्हटलं, "मी येईस्तोवर गिरणीवर नजर ठेव." हा दिवसभर गिरणीकडं टक लावून बसला आणि मागनं कुत्रं तीन डब्यांतलं पीठ चाटून गेलं.

वय झालं बत्तीस. दोन स्थळं आली आणि गेली. पहिल्या पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर हा म्हणाला, "आत्ता? आत्ता बसलोय." दुसऱ्या स्थळाचं मी सांगत नाही, मला अजून हसू आवरत नाही. सोनाबाईनं सुनेसाठी हिरव्या बांगड्यांचा डबा चार वर्षं जपून ठेवला होता. अधनंमधनं झाकण काढून बघायची, डोळे पुसायची, झाकण लावायची.

"तुझं लग्न झालं की मी डोळे मिटायला मोकळी," ती म्हणायची.

"मग कशाला करतीस?" महिपती म्हणायचा. "जग की चांगली."

तर असं सगळं बरं चाललं होतं. मग मामानं त्याला आपला जुना मोबाइल दिला.

मोबाइल घेऊन महिपती गेला केरबाच्या सलूनमध्ये. केरबा गावात हुशार म्हणून प्रसिद्ध. कात्री एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. त्या दिवशी खुर्चीत तात्या गुरव बसले होते. त्यांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालावरचा फेस वाळून त्याचा पापड झाला होता. केरबाचं लक्ष मोबाइलमध्ये.

"काय बघतोस रं?" महिपतीनं विचारलं.

"जोंधळा पेरलाय."

केरबानं त्याला खेळ दाखवला. खेळाचं नाव 'हिरवं शिवार'. त्यात आपलं रान असतं, विहीर असते, कोंबड्या असतात. बोट लावलं की पेरणी होते. पण पीक लगेच येत नाही. जोंधळ्याला चार तास. उसाला दोन दिवस. नवी विहीर खणायला घेतली तर आठवडा. पीक तयार झालं की मोबाइलमधला कोंबडा आरवतो.

"आन् तोवर काय करायचं?" महिपतीनं विचारलं.

"वाट बघायची."

"वाट बघून काय हुतं?"

"बघून काय? बघायची. सगळी मजा त्यातच हाय, येड्या. झटकन मिळालं तर त्याला चव लागत न्हाई. माणसाला चार तास तंगवलं की मग त्याला गोड लागतं."

"काय गोड लागत न्हाई," खुर्चीतनं तात्या गुरव म्हणाले. "माझा गाल चुरचुरतोय."

पण तात्यांचं कोण ऐकतंय. महिपती म्हणाला, "ध्यानात ठेवतो." आणि त्यानं ठेवलं. तिथंच तर सगळा घात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का जोंधळ्याचा डबा घेऊन गिरणीत आली. गिरणी रिकामी. एक डबा नाही रांगेत.

"म्हैपती, दळून दे रं पटकन. घरी पाव्हणं बसल्यात."

महिपतीनं डब्यात डोकावून बघितलं.

"जोंधळा हाय," तो म्हणाला. "चार तास."

"चार तास कशाला? गिरणी तर मोकळी हाय."

"झटकन दिलं तर भाकरीला चव लागत न्हाई. बसा."

गोदाक्काला वाटलं मोटार बिघडली असेल. ती बसली. महिपतीपण बसला. तिनं एकदा विचारलं, "दुरुस्त करायला कोण येणार हाय का?" तो म्हणाला, "न्हाई. मजा येणार हाय." अर्ध्या तासानं गोदाक्काची सून आली, मग लेक आला, मग पाव्हणे स्वतःच आले, भुकेनं कासावीस झालेले. सगळे ओळीनं बाकावर बसले. महिपती मधून मधून त्यांच्या तोंडाकडं बघून विचारायचा, "यायला लागली का मजा?"

चौथ्या तासाला निवृत्तीमामा आला. त्यानं पाव्हण्यांची तोंडं बघितली, कपाळावर हात मारला, बटण दाबलं आणि पाच मिनिटांत पीठ हातात दिलं. मग त्यानं महिपतीला बाजूला घेतलं.

"आरं गाढवा! माणूस दारात आलं की त्याला थांबवायचं न्हाई. कुणालाच. एक मिनिट न्हाई. कळलं?"

"कुणालाच न्हाई," महिपती म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

बाजाराच्या दिवशी गिरणीत एकदम तीन बाया आल्या. एकीचे गहू, एकीची हरभरा डाळ, एकीची लाल मिरची. मिरची वेगळ्या जात्यावर दळतात हे गावातल्या शेळीलापण माहीत आहे. महिपतीलापण माहीत होतं. पण मिरचीचं जातं लावायचं म्हणजे बाकी दोघींना थांबवायचं, आणि मामानं तर सांगितलं होतं की कुणालाच नाही. महिपतीनं दोन मिनिटं विचार केला. ही दोन मिनिटं त्याला फार जड गेली, कारण तेवढा वेळ बाया थांबल्या. मग त्यानं तिन्ही डबे एकदमच वरच्या पेटीत ओतले.

"कुणाला थांबवलं न्हाई बरं का," तो अभिमानानं म्हणाला, आणि लाल-पिवळ्या पिठाचे तीन सारखे वाटे करून दिले.

त्यातली एक बाई माहेरच्या माणसांना पुरणपोळी घालणार होती. घातलीही. माहेरची माणसं हौदाला तोंड लावून बसली. बेसनवाल्या बाईनं नवऱ्याला पिठलं केलं, आणि दोन वर्षं तिच्याशी न बोलणारा तो माणूस त्या दिवशी खूप बोलला. मामाच्या दारात गाव गोळा झालं.

मामानं महिपतीचा कान पिळला. "एक संपल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई! पयलं पुरं करायचं, ताट साफ व्हायला पायजे, मग दुसऱ्याकडं बघायचं. बघायचंसुदिक न्हाई तोवर!"

"बघायचंसुदिक न्हाई," महिपती कान चोळत म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आता इथून पुढं जरा नीट ऐका, कारण इथं पोराच्या जन्माचा प्रश्न आहे.

तिसरं स्थळ आलं. मोरदरीच्या हैबतरावांची मुलगी, वैजयंता. बारावी शिकलेली, गावातल्या अंगणवाडीत काम करायची. हुशार पोरगी, आणि तोंडानं फटकळ. हैबतराव निवृत्तीमामाचे जुने ओळखीचे, म्हणून योग जुळला. सोनाबाईनं महिपतीच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट चढवला आणि भावाचा हात धरला. "दादा, ह्यो शेवटचाच योग हाय रं. ह्यानंतर कोण येनार न्हाई आपल्या दारात." मामानं वाटेत महिपतीला बजावलं, "तिथं काय वेडंवाकडं करू नकोस. आत्तापर्यंत जे शिकवलंय तेवढं ध्यानात ठेव."

हे मामानं सांगायला नको होतं.

हैबतरावांच्या घरी सतरंजी अंथरली होती. पोहे आले. महिपतीनं प्लेट घेतली आणि मान खाली घालून खायला लागला. तेवढ्यात वैजयंता चहा घेऊन बाहेर आली. निळी साडी, केसांत अबोली. मामानं महिपतीला कोपरानं ढोसलं. महिपतीनं वर बघितलं नाही. पहिलं पुरं करायचं, मग दुसऱ्याकडं बघायचं. त्यानं भराभर घास मारले. प्लेट संपत आली. आता बघणार, एवढ्यात वैजयंताची आई म्हणाली, "घ्या की आणखी, लाजू नका," आणि प्लेट पुन्हा भरली.

महिपती पुन्हा खाली मान घालून सुरू.

पाहुण्याची प्लेट रिकामी दिसली की भरायची, ही मोरदरीची रीत. प्लेट रिकामी झाल्याशिवाय वर बघायचं नाही, ही महिपतीची. दोघांनी आपापली रीत सोडली नाही. दुसरी प्लेट झाली. तिसरी झाली. वैजयंताचा चहाचा ट्रे धरून हात दुखायला लागला. मामाला घाम फुटला. शेजारणींच्या घरून पोहे मागवायची वेळ आली. सातव्या प्लेटीला घरातले, शेजारचे आणि पलीकडच्या गल्लीतले पोहे संपले, तेव्हा कुठं महिपतीनं मान वर केली.

आणि वैजयंताकडं बघून त्याची शुद्धच हरपली. इतकी त्याला ती आवडली. तिथंच, तोंडाला कोथिंबीर लागलेली असताना आवडली.

मामाला वाटलं, गेलं हेपण स्थळ. पण हैबतराव त्याच्या कानाला लागून म्हणाले, "पोरगा सालस हाय हो. तासभर बसला, पण पोरीकडं डोळा वर करून बघितलं न्हाई. हल्ली असं बघायला मिळत न्हाई."

दोघांना बोलायला म्हणून परसात शेवग्याखाली पाठवलं. वैजयंतानं पदर खोचला आणि विचारलं, "सात प्लेटा?"

"पयलं संपल्याबिगर दुसऱ्याकडं बघायचं न्हाई," महिपती म्हणाला. "तुमच्या आईनं संपूच दिलं न्हाई."

वैजयंता शेवग्याला धरून हसली. तेवढ्यात महिपतीच्या खिशात कोंबडा आरवला.

"जोंधळा आला," महिपती ओशाळून म्हणाला. "शिवारातला."

"तुम्हीपण खेळता?" तिनं कमरेचा मोबाइल काढला. तिचं शिवार बघून महिपतीचा आ वासला. चार विहिरी, पवनचक्की, आमराई, गोठ्यात बारा म्हशी. याच्या शिवारात एक कोंबडी आणि तीपण रुसलेली.

"तुम्हाला कंटाळा येत न्हाई?" त्यानं विचारलं. "आमच्या गावात तात्या गुरव म्हणतात, एवढी वाट बघायला लावतात म्हंजे ह्यो खेळ न्हाईच, ही शिक्षा हाय."

"मला तर वाट बघण्यातच मजा येते," वैजयंता म्हणाली. "उद्या आंबा येणार म्हटलं की आज दिवसभर बरं वाटतं. आला की तोडला, संपलं. पण वाट बघण्यासारखं काहीतरी असावं लागतं, हं. नाहीतर तात्या म्हणतात तेच खरं."

यातला पहिला अर्धा भाग महिपतीनं ध्यानात ठेवला. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळी तो तिच्या केसांतल्या अबोलीकडं बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं अर्धवट ऐकलं, आणि नेमकं तेच पुरतं ऐकायला हवं होतं.

लग्न ठरलं. सोनाबाईनं बांगड्यांचा डबा काढला आणि त्या दिवशी झाकण लावलंच नाही. तिथी निघाली दोन महिन्यांनंतरची, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. मांडव महिपतीच्याच गावात, मारुतीच्या देवळापुढं, कारण हैबतरावांच्या दारात जागा नव्हती.

दोन महिने! महिपतीला अन्न गोड लागेना. म्हणजे खायचा तेवढंच, पण गोड लागेना. तो केरबाकडं गेला.

"केरबा, लई दिवस हैत रं. थांबवत न्हाई."

केरबाची मान मोबाइलमध्ये. त्याला वाटलं उसाचं विचारतोय. "थांबवत नसंल तर जाहिरात बघ. एक जाहिरात बघितली की अर्धा तास कमी हुतो."

"कुठलीपण?"

"कुठलीपण. फकस्त शेवटपर्यंत बघायची. मधी मान हलवायची न्हाई."

महिपतीनं हे ध्यानात ठेवलं आणि गेला एसटीच्या थांब्यावर. तिथल्या भिंतीवर रंगवलेल्या तीन जाहिराती होत्या. एक खताची, एक दंतमंजनाची आणि एक बनियनची. महिपती खताच्या जाहिरातीपुढं उभा राहिला. मान न हलवता शेवटच्या अक्षरापर्यंत बघितलं. अर्धा तास कमी. मग दंतमंजन. आणखी अर्धा. मग बनियन, मग परत खत.

येणारे-जाणारे विचारायचे, "काय बघतोस रं म्हैपती?"

"लगीन जवळ आणतोय."

लोकांना वाटलं पोरगं खुशीनं चळलंय, चालायचंच. मामा त्याला दंडाला धरून गिरणीत न्यायचा, मामाची पाठ वळली की हा परत बनियनपुढं. असं करत करत, खरं लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा त्याच्या एकशे ब्याण्णव जाहिराती पुऱ्या झाल्या. एकशे ब्याण्णव अर्धे तास म्हणजे शहाण्णव तास. शहाण्णव तास म्हणजे चार दिवस. महिपतीनं बोटांवर तीनदा मोजलं. म्हणजे लग्न आज!

त्यानं फेटा बांधला, मुंडावळ्या बांधल्या, आणि जीपमध्ये दोन शेळ्यांच्या मधे बसून मोरदरी गाठली.

हैबतरावांच्या अंगणात कुरडयांचं वाळवण पसरलं होतं. वैजयंताची आई चिकानं हात बरबटून बसली होती. वैजयंतानं डोक्याला तेल थापलं होतं. दारात नवरदेव, एकटाच, मुंडावळ्या गालावर उडतायत.

"बारा पस्तीस व्हायला आले," महिपती म्हणाला. "चला."

हैबतराव आधी कॅलेंडरकडं धावले, मग चष्मा शोधायला धावले. मग त्यांना आठवलं.

"अहो जावईबापू, लगीन गुरुवारी हाय! आन् ते तुमच्या गावात हाय!"

महिपतीनं जाहिरातींचा सगळा हिशोब सांगितला. वैजयंता दारामागं तोंडात पदर कोंबून हसत होती. हैबतराव हसले नाहीत. ते पोरीचे बाप. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून सांगितलं.

"हे बघा, शुभकार्यात घाई करायची न्हाई. एक येळ उशीर झाला तर चालंल. पण घाई न्हाई म्हंजे न्हाई. एवढं माझं ऐका."

"घाई न्हाई," महिपती म्हणाला. "उशीर चालंल. ध्यानात ठेवतो."

"आणि वाट बघा जरा," दारामागनं वैजयंता म्हणाली. "मजा येते."

त्यानं तेपण ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी तो दाढी करायला केरबाकडं बसला. केरबाचं तोंड आनंदानं फुललं होतं. त्याच्या शिवारात एक सोन्याची पेटी सापडली होती.

"उघड की मग," महिपती म्हणाला.

"आज उघडली तर एकच बक्षीस. तशीच झाकून उद्यापर्यंत ठेवली तर दुप्पट. बरोबर चोवीस तास. जो पयल्या दिवशी झाकण काढतो तो गाढव."

आता महिपतीला आजवर खूप लोक गाढव म्हणाले होते. मामा, गोदाक्का, मिरचीवाल्या बाया. त्याला त्याचं मनातनं वाईट वाटायचं. त्यानं ठरवलं, निदान लग्नात तरी आपल्याला कुणी गाढव म्हणता कामा नये.

घरी आल्यावर सोनाबाईनं त्याच्या हातावर हळद लावली. तिचे डोळे भरले होते. "लेकरा, उद्या कुणी काय विचारलं तर खरं सांग. पण थोडक्यात सांग. एका शब्दात. लई बोलू नकोस."

"एका शब्दात. ध्यानात ठेवतो."

झालं. माझ्या मते इथंच त्या माउलीनं डब्याला झाकण लावायला हवं होतं.

गुरुवारी मांडव माणसांनी फुलला. बुंदीच्या कढईचा वास देवळापर्यंत पोचला. महिपती पाटावर उभा राहिला. पलीकडच्या पाटावर वैजयंता, पाठीमागं तिचा मामा. मधे अंतरपाट धरला. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. प्रत्येक 'सावधान'ला लोक अक्षता टाकत होते. सोनाबाई तर रडून रडून सगळ्या अक्षता स्वतःच्याच अंगावर टाकत होती.

महिपती अंतरपाटाकडं बघत होता. पिवळं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पलीकडं वैजयंता. म्हणजे झाकण आहे. आत बक्षीस आहे. आणि एवढा वेळ सगळे वाट बघतायत. त्याच्या डोक्यात एकेक ध्यानात ठेवलेली गोष्ट जागी व्हायला लागली. अशी सगळी एकदम कधी जागी झाली नव्हती.

बारा पस्तीस झाले. शेवटचं मंगलाष्टक संपलं. वाजंत्री फुगून तयार. भटजींनी कापड ओढलं.

महिपतीनं दुसरीकडनं गच्च धरलं.

"थांबा! आज न्हाई काढायचा."

ताशेवाल्याच्या काड्या हवेतच राहिल्या.

"अहो, मुहूर्त झाला," भटजी म्हणाले. "सोडा."

"घाई करायची न्हाई," महिपती म्हणाला. "सासऱ्यांनी सांगितलंय. उशीर चालंल. आन् तिला वाट बघण्यात मजा येते, तिनंच सांगितलंय. आता मिळालं तर चव लागणार न्हाई. उद्या बारा पस्तीसला काढायचा. बरोबर चोवीस तास."

निवृत्तीमामानं मागनं त्याच्या कमरेत चिमटा काढला. हैबतरावांचा फेटा सैल झाला. भटजींनी कापड ओढलं, महिपतीनं ओढलं, भटजी वयस्कर होते, सुटलं त्यांच्या हातनं.

"पण उद्या कशाला?" हैबतरावांनी विचारलं.

"दुप्पट मिळतं."

बुंदीवाला झारा धरून बघत राहिला. मग अंतरपाटाच्या पलीकडून वैजयंताचा आवाज आला. शांत आवाज.

"दुप्पट काय मिळतं?"

आईनं सांगितलं होतं, खरं सांग आणि एका शब्दात सांग. महिपतीनं सांगितलं.

"बायको."

सोनाबाई मटकन खाली बसली. वऱ्हाडात एक जण हसला आणि त्याला त्याच्या बायकोनं मारलं. वैजयंता मात्र हसली नाही. शेवग्याखाली हसली होती, दारामागं हसली होती, पण आता नाही. तिनं हातातला हार पाटावर ठेवला.

"मला वाट बघायला आवडतं," ती म्हणाली. "पण मी सांगितलं होतं, वाट बघण्यासारखं काहीतरी असावं लागतं. मीपण थांबते. अंतरपाट आज काढला नाही तेच बरं झालं. मलापण उद्या याच्याहून बरा निघेल."

ती पाटावरनं उतरली. हैबतरावांनी टेम्पो लावायला सांगितला. मोरदरीची माणसं एकेक करून चढली. निवृत्तीमामा आडवा आला, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. मग त्यानं पायातलं पायताण काढून महिपतीवर उगारलं, तेव्हा चौघांनी धरून त्याला घरी नेलं. लग्न मोडलं. हे सगळ्यांना कळलं, भटजींना कळलं, वाजंत्र्यांना कळलं, कुत्र्यांनासुद्धा कळलं, ती जाऊन बुंदीपाशी बसली. गावकऱ्यांनी थोडं वाईट वाटून घेतलं आणि जेवून घेतलं, कारण जेवणाला कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

फक्त महिपतीला कळलं नाही. त्यानं अंतरपाटाचं एक टोक मांडवाच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या मुठीत धरलं, आणि उभा राहिला.

"घरी चल रं," तात्या गुरव येऊन म्हणाले. त्यांची एका गालाची दाढी अजून राहिलीच होती. "पाय दुखतील."

"मजा येतीय," महिपती म्हणाला. आणि खरं सांगतो, त्याला येत होती. साऱ्या मांडवात तेवढा एकच माणूस खुशीत होता.

शुक्रवार उजाडला. मांडवाचं कापड उतरवून झालं, खुर्च्या गेल्या, पाट गेले. खांब तेवढा राहिला, त्याला महिपती कुणाला हात लावू देत नव्हता. सबंध गाव देवळाच्या पायरीवर येऊन बसलं. केरबापण आला होता, मोबाइल खिशात ठेवून. बारा तीस झाले. बारा चौतीस झाले. अंतरपाटामागं पावलांचा आवाज आला. महिपतीनं कान देऊन ऐकलं. एक नाही, दोघांची पावलं होती. त्याच्या तोंडावरचा आनंद काय सांगावा तुम्हाला.

बारा पस्तीसला त्यानं मुंडावळ्या सरळ केल्या, डोळे मिटले आणि अंतरपाट ओढला.

पलीकडं सोनाबाई उभी होती आणि तिच्या शेजारी निवृत्तीमामा. दोघांच्याही हातात पायताण होतं.

महिपतीनं डोळे उघडले, एकाकडं बघितलं, दुसऱ्याकडं बघितलं, आणि वळून सबंध गावाला ओरडून सांगितलं,

"बघा! सांगत हुतो का न्हाई? काल मामाच्या एकट्याच्याच हातात हुतं. दुप्पट मिळालं!"